बालेकिल्ला कोणाच्या सोयीचा?

ऑक्टोबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या पाच वर्षांत पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाने तीन आमदार निवडले. त्याआधीच्या चोवीस वर्षांत तिथे एकच आमदार होता. १९९५ पासून सलग पाच निवडणुका गिरीश बापट यांनी जिंकल्या. २०१९ मध्ये ते लोकसभेवर गेले तेव्हा भाजपच्याच मुक्ता टिळक आल्या. त्यांच्या निधनानंतर २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले. आणि दीडपावणेदोन वर्षांतच भाजपच्या हेमंत रासने यांनी ती जागा परत घेतली. एका पक्षाचा दीर्घकाळ टिकलेला गड आणि अटीतटीची लढत, दोन्हींचा अनुभव आता कसबेकरांच्या गाठीशी आहे. या दोन्हींपैकी मतदाराच्या हिताचे काय, हे कसब्याच्या निमित्ताने तपासता येते. उत्तर वाटते तितके सरळ नाही.

आधी स्थिरतेची बाजू पाहू, कारण ती अलीकडे पुरेशा आदराने मांडली जात नाही. बापट १९८३ मध्ये पहिल्यांदा नगरसेवक झाले. आमदारकी येईपर्यंत पेठांतले बोळ, गणेश मंडळे, भाडेकरू-मालकांची भांडणे आणि मंडईतले गाळे यांची त्यांना पुरती माहिती झालेली होती. पुढे ते मंत्री आणि पुण्याचे पालकमंत्रीही झाले. इतर पक्षांतल्या नेत्यांशी त्यांचे संबंध इतके मोकळे होते की त्यांच्याच पक्षातले काही जण त्यावर कुरकुरत. पण महापालिका एका पक्षाची आणि आमदार दुसऱ्या पक्षाचा अशा काळात याच संबंधांवर कामे मार्गी लागत. दाट वस्तीच्या जुन्या गावठाणात राजकारण ओळखीवर चालते आणि ओळख जमायला वेळ लागतो. दर पाच वर्षांनी चेहरा बदलला की हे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते, हा युक्तिवाद पोकळ नाही.

मात्र ‘भाजपचा बालेकिल्ला’ हे बिरुद कसब्याला ज्या सहजपणे लावले जाते, तितके जुने आकडे ते लावू देत नाहीत. १९८० मध्ये येथे भाजपचे अरविंद लेले निवडून आले आणि १९८५ मध्ये काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९० मध्ये भाजपचे अण्णा जोशी जिंकले, पण पुढच्याच वर्षी ते पुण्याचे खासदार झाले आणि रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरात यांनी भाजपचा पराभव केला. भाजपचे पराभूत उमेदवार होते गिरीश बापट. ज्या माणसाच्या नावाशी पुढे हा मतदारसंघ एकजीव झाला, त्याची सुरुवात इथल्या पोटनिवडणुकीतल्या पराभवाने झाली होती.

२००९ ची लढत तर याहून बोलकी आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरची ती पहिली निवडणूक. बापटांना साधारण ५५ हजार मते मिळाली. मनसेकडून लढलेले धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक यांना प्रत्येकी सुमारे ४७ हजार. बापट आठ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले, पण त्यांच्या विरोधातल्या दोघांची बेरीज ९३ हजारांवर जात होती. मनसे आणि काँग्रेस यांची मते एकाच पारड्यात टाकणे योग्य नव्हे, हे मान्य. मनसेचा बराच मतदार भाजपच्याच घरातला होता. तरीही तो गड निम्म्याहून अधिक मतदारांच्या पाठिंब्यावर उभा नव्हता, हे नाकारता येत नाही.

दुसरीकडे, केवळ मतविभागणीने बापट जिंकत राहिले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. २०१४ मध्ये दोन्ही आघाड्या फुटल्या, शिवसेना सोबत नव्हती, सगळे स्वतंत्र लढले. बापटांनी त्या निवडणुकीत ७३ हजारांवर मते घेतली आणि रोहित टिळक यांना ४२ हजारांहून अधिक मतांनी मागे टाकले. मोदी लाटेचा त्यात वाटा होताच. पण उमेदवाराची स्वतःची पुंजी नसती तर इतके अंतर पडले नसते.

आता पोटनिवडणुकीकडे येऊ. कसब्यातला खरा पेच तिथे आहे, आणि विचारी माणसे तिथे आजही दोन बाजूंना उभी आहेत.

मुक्ता टिळक या पुण्याच्या माजी महापौर आणि लोकमान्यांच्या घराण्यातल्या सून. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या आणि त्यानंतर विधान परिषदेच्या मतदानासाठी गंभीर आजारी असतानाही त्या रुग्णवाहिकेतून पुण्याहून मुंबईला गेल्या. चिंचवडचे भाजप आमदार लक्ष्मण जगताप यांनीही तेच केले. २२ डिसेंबर २०२२ रोजी टिळक यांचे आणि पुढच्या काही दिवसांत, ३ जानेवारीला, जगताप यांचे निधन झाले. दोन्ही जागांची पोटनिवडणूक २६ फेब्रुवारीला झाली. चिंचवडमध्ये भाजपने जगताप यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उमेदवारी दिली आणि त्या निवडून आल्या. कसब्यात मात्र टिळक कुटुंबाऐवजी महापालिकेच्या स्थायी समितीचे माजी अध्यक्ष हेमंत रासने यांना तिकीट मिळाले.

या निर्णयावर दोन आक्षेप आले. पहिला होता संकेताचा. विद्यमान आमदाराचे निधन झाल्यास घरातल्या व्यक्तीला उमेदवारी द्यावी आणि इतर पक्षांनी ती निवडणूक बिनविरोध होऊ द्यावी, अशी एक भावना महाराष्ट्रात आहे. काही महिन्यांपूर्वी, २०२२ च्या अखेरीस, मुंबईत अंधेरी पूर्वमध्ये भाजपने दिवंगत आमदाराच्या पत्नी ऋतुजा लटके यांच्याविरुद्धचा आपला उमेदवार मागे घेतला होता. या संकेतामागे माणुसकी आहे. घरात दुःख ताजे असताना कुटुंबाला हमरीतुमरीच्या प्रचारात ओढू नये, ही अपेक्षा गैर नाही. शिवाय मतदारांनी ज्या पक्षाला पाच वर्षांसाठी कौल दिला, त्या पक्षाकडे उरलेली मुदत राहावी, याला एक लोकशाहीचाच तर्क आहे.

दुसरा आक्षेप प्रतिनिधित्वाचा होता. सदाशिव, नारायण, शनिवार या पश्चिमेकडच्या पेठांत ब्राह्मण मतदार मोठ्या संख्येने आहे. २०१९ मध्ये कोथरूडच्या विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांना डावलून चंद्रकांत पाटील यांना तिकीट दिले गेले होते. कसब्यात टिळकांनाही बाजूला ठेवल्यावर, पक्ष आपल्याला गृहीत धरतो ही भावना उघडपणे बोलली जाऊ लागली. या भावनेला केवळ जातीचा अहंकार म्हणून मोडीत काढता येणार नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एका पक्षाची साथ केली, त्याने त्या पक्षाकडे जाब मागणे स्वाभाविक आहे. परंतु हेही तितकेच खरे की मतदारसंघ कोणत्याही एका समाजाच्या किंवा घराण्याच्या नावावर लिहून दिलेला नसतो. कसब्यात गंज पेठ आणि लोहियानगरही आहे, रविवार पेठेतले व्यापारी आहेत, तांबट आळीतले कारागीर आहेत. रासने हे पक्षाचे जुने कार्यकर्ते होते. घराण्यापेक्षा कार्यकर्त्याला संधी दिली म्हणून एरवी ज्या पक्षाची पाठ थोपटली गेली असती, त्याच पक्षाला इथे बोल लागला.

संकेताचा मुद्दा तोलताना अंधेरीचा निकाल डोळ्यांआड करून चालणार नाही. भाजपची माघार झाल्यावर त्या पोटनिवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’ आला, साडेबारा हजारांहून अधिक मतांनी. त्यातली किती मते निव्वळ रागाची आणि किती ठरवून दिलेली, यावर वाद झाला. पण पर्याय काढून घेतला की मतदार गप्प बसतोच असे नाही, एवढे त्यातून दिसले. कसब्याच्या बाबतीत तर याला आणखी एक पदर होता. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. कचरा, पाणी, ड्रेनेज, वाहतूक यांबद्दल ज्याच्या दारात जाऊन उभे राहावे असा नगरसेवक कुणाकडेच नव्हता. अशा वेळी झालेली ही निवडणूक बिनविरोध झाली असती, तर सार्वजनिक कारभाराबद्दल काही बोलण्याची पेठांतल्या नागरिकांची एकमेव संधी गेली असती. म्हणून संकेतामागच्या भावनेचा पूर्ण मान राखूनही, कसब्यात लढत झाली हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे.

ती लढत मात्र सर्वार्थाने भूषणावह नव्हती. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासह राज्याचे निम्मे राजकारण पेठांत उतरले. गंभीर आजारी असलेले बापट नाकात ऑक्सिजनची नळी असताना व्हीलचेअरवरून केसरीवाड्यात कार्यकर्त्यांसमोर आले. निष्ठेचे उदाहरण म्हणून काहींना ते दृश्य हेलावून गेले, तर आजारी माणसाला अशा अवस्थेत प्रचारात आणायला नको होते, असे इतरांना वाटले. मतदानाच्या आदल्या दिवशी पैसेवाटपाचा आरोप करत धंगेकर कसबा गणपतीसमोर उपोषणाला बसले. तोच प्रचारबंदीच्या काळातला प्रचार असल्याचा प्रत्यारोप भाजपने केला. स्पर्धेची किंमत असते ती अशी, आणि स्पर्धेच्या बाजूने बोलणाऱ्याने ती हिशेबात धरलीच पाहिजे.

निकाल सर्वांना ठाऊक आहे: धंगेकर सुमारे ७३ हजार, रासने सुमारे ६२ हजार, फरक अकरा हजारांच्या जवळ. पण २०१९ च्या आकड्यांशेजारी ठेवल्यावर तो अधिक नीट वाचता येतो. तेव्हा मुक्ता टिळक यांना ७५ हजारांवर मते होती, काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७ हजारांवर थांबले होते आणि शिवसेनेचे बंडखोर विशाल धनवडे यांनी १४ हजारांच्या आसपास मते घेतली होती. शिंदे आणि धनवडे यांची बेरीज ६१ हजार होते. धंगेकर त्याच्याही बारा हजार पुढे गेले आणि भाजप टिळकांपेक्षा तेरा हजारांनी मागे पडला. हे दोन आकडे इतके जवळजवळ आहेत, म्हणून भाजपचा मतदार सरळ तिकडे गेला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पूर्ण खरा नसावा. मतदान जेमतेम ५० टक्क्यांच्या आसपास होते. काही घरी बसले, काही वळले, काही नव्याने बाहेर पडले. पश्चिमेकडच्या पेठांतून भाजपला अपेक्षित मताधिक्य मिळाले नाही, एवढे निश्चित.

या निकालाचा प्रत्यक्ष उपयोग झाला का? समर्थक मिळकत कराचे उदाहरण देतात. मालक स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत पुण्यात १९७० पासून होती. ती राज्य सरकारने २०१९ मध्ये काढून घेतली आणि त्यामुळे मागील थकबाकीच्या धास्तीने मध्यमवर्गीय घरे अस्वस्थ होती. कसब्याच्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आत मंत्रिमंडळाने ती सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. सत्ताधाऱ्यांचे म्हणणे असे की ही मागणी आधीपासूनची होती, सर्वपक्षीय होती आणि त्यावर काम सुरूच होते. ते खोटे नाही. तथापि, चार वर्षे रेंगाळलेला प्रश्न नेमका त्या वसंतात सुटला, यात निकालाचा काहीच वाटा नव्हता असे मानणे कठीण आहे.

धंगेकरांच्या कारकिर्दीबद्दलही दोन प्रामाणिक मते आहेत. ससून रुग्णालयातून आरोपी पळाल्याचे अमली पदार्थांचे प्रकरण असो किंवा मे २०२४ मधला कल्याणीनगरचा पोर्शे अपघात, त्यांनी रस्त्यावर उतरून प्रश्न विचारले. बापटांच्या निधनानंतर पुण्याची लोकसभेची जागा वर्षभराहून अधिक काळ रिकामी होती. शहराला खासदार नाही, नगरसेवक नाहीत, अशा काळात एका विरोधी आमदाराने आवाज उठवला याचे मोल त्यांच्या समर्थकांना वाटते. याउलट, ही दोन्ही ठिकाणे कसब्याबाहेरची आहेत आणि त्या गदारोळात पेठांची कामे मागे राहिली, ही तक्रार त्यांच्या टीकाकारांची होती. विरोधी बाकावरच्या आमदाराला निधी मिळवताना किती अडथळे येतात, हे या तक्रारीत धरलेले नसते. पण तक्रार अनाठायी म्हणता येत नाही.

२०२४ च्या लोकसभेला भाजपचे मुरलीधर मोहोळ यांना खुद्द कसब्यातून धंगेकरांवर आघाडी मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये रासने यांनी १९,४२३ मतांनी विधानसभा जिंकली. या निकालातला एक तपशील चर्चेत फारसा आला नाही. धंगेकरांना या वेळी ७० हजारांवर मते मिळाली, म्हणजे पोटनिवडणुकीपेक्षा तीन हजारांहूनही कमी घट. रासने यांची मते मात्र ६२ हजारांवरून ९० हजारांवर गेली. धंगेकरांवर कसबा नाराज झाला म्हणून ते हरले, असे त्यामुळे म्हणता येत नाही. जे फेब्रुवारी २०२३ मध्ये घरी राहिले ते नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या संख्येने बाहेर पडले. लाडकी बहीण योजना, राज्यव्यापी वारा, पक्षाने दुरुस्त केलेली घरची घडी (मेधा कुलकर्णी यांना त्याच वर्षी राज्यसभेवर पाठवले गेले) अशी कारणे सांगता येतील. १९९१ ची पोटनिवडणूक काँग्रेसकडे आणि १९९५ ची सार्वत्रिक निवडणूक भाजपकडे, २०२३ ची पोटनिवडणूक काँग्रेसकडे आणि २०२४ ची पुन्हा भाजपकडे. हे पाहिल्यावर, कसबा मुळात भाजपचाच आणि पोटनिवडणुका हे अपवाद, असा अर्थ कुणी लावला तर त्याला हसता येणार नाही.

आता कामाकडे. कसब्याचा कणा म्हणजे वाडे, आणि स्थिरता विरुद्ध बदल हा वाद शेवटी तिथेच तपासावा लागतो. पेठेतला वाड्याचा भूखंड दर्शनी बाजूला अरुंद आणि आत खोल असतो. शेजारच्या वाड्याशी भिंतीला भिंत. तांबट आळीसारख्या ठिकाणी खाली ठोकाठोकीचे काम आणि वर संसार. लाकडी जिने, पावसाळ्यात खचणारी मातीची भिंत, नाममात्र भाडे भरणारे भाडेकरू आणि दुरुस्ती न परवडणारा मालक. पुनर्विकास करायचा तर राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ठराविक उंचीपुढच्या इमारतीला बाजूने एक मीटर मोकळी जागा सोडावी लागते. वीस फूट रुंदीच्या भूखंडावर दोन्ही बाजूंना ती सोडायची म्हटली तर साडेसहा फूट, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश रुंदी जाते. उरलेल्या जागेत मालक, भाडेकरू आणि बांधकाम व्यावसायिक या तिघांचे गणित बसत नाही, म्हणून वाडा तसाच राहतो. नियमाची बाजूही क्षुल्लक नाही. आग लागली तर दोन उंच इमारतींमध्ये फट असावी, उजेड-वारा मिळावा, यासाठीच तो आहे; आणि ज्या बोळात अग्निशमनचा बंब शिरत नाही तिथे सवलत देणाऱ्याने पुढच्या दुर्घटनेची जबाबदारीही घ्यावी लागेल.

शनिवारवाड्याच्या आसपास तर प्रश्न आणखी कठीण होतो. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला २०१० च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तो बदलण्याचा अधिकार संसदेचा. आमदार कितीही जुना किंवा कितीही आक्रमक असला तरी त्याच्या हातात तिथे फक्त पाठपुरावा आहे.

एक मीटरचा नियम मात्र राज्य सरकारच्या अखत्यारीतला आहे. अशा कामाला नगरविकास खात्यात वर्षानुवर्षे चिकाटीने बसणारा माणूस लागतो, हा स्थिरतेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. परंतु कसब्याला चोवीस वर्षे एक आमदार लाभला, त्यातली काही वर्षे तो मंत्री आणि पालकमंत्री होता, आणि तरी वाड्यांचा पुनर्विकास सुटसुटीत झाला नाही. याचा दोष एका व्यक्तीवर टाकणे चूक ठरेल. प्रश्नात मालक, भाडेकरू, महापालिका, पुरातत्त्व खाते असे अनेक जण गुंतलेले आहेत. तरीही जागा हमखास येते या खात्रीमुळे पक्षाच्या वरच्या पातळीवर या प्रश्नाची निकड कमी झाली, असे आम्हांला वाटते. पेठांच्या या गाऱ्हाण्यांकडे मंत्रालयाचे सर्वांत जास्त लक्ष २०२३ च्या त्या काही महिन्यांत गेले, जेव्हा जागा हातची जाण्याची शक्यता खरी वाटली आणि मग ती गेलीही.

म्हणून आमचा कल लढतीकडे आहे. तो काठावरचा कल आहे, हेही नमूद करतो. कारण कसब्यातली स्पर्धा अजून बऱ्याच अंशी एका माणसाभोवती फिरते. धंगेकर शिवसेना, मनसे, काँग्रेस असे फिरून मार्च २०२५ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत, म्हणजे सत्ताधारी महायुतीत गेले. ज्या ७० हजार मतदारांनी त्याच्या चार महिने आधी त्यांना सत्तापक्षाविरुद्ध मत दिले, त्यांना आता पर्याय म्हणून कोणाकडे पाहायचे, हा प्रश्न काँग्रेसला सोडवता आलेला नाही. प्रभागात बूथनिहाय माणसे असलेला विरोधी पक्ष उभा राहत नाही तोवर कसब्यातली लढत कुणाच्या तरी पक्षांतराने केव्हाही संपू शकते. भाजपचे संघटन तिथे चाळीस वर्षांच्या कष्टाने उभे आहे. विरोधकांनी तितकेच कष्ट घेतल्याचे अलीकडे दिसत नाही.

रासने यांना २०२४ मध्ये पूर्ण मुदत मिळाली आहे, राज्यात आणि केंद्रात स्वपक्षाचे सरकार आहे. एक मीटरच्या अंतराचा प्रश्न अग्निसुरक्षेला धक्का न लावता त्यांनी या मुदतीत सोडवून घेतला, पाच-सहा शेजारी वाड्यांना एकत्र येऊन बांधता येईल अशी तरतूद पदरात पाडून घेतली आणि भाडेकरूंना त्यांच्याच पेठेत घर मिळाले, तर एकाच पक्षाच्या दीर्घ आणि सुरक्षित प्रतिनिधित्वाच्या बाजूने तो सर्वांत मोठा पुरावा ठरेल. तसे झाल्यास वर मांडलेले मत आम्ही बदलू.